‘त्या’ बंगांचे तुम्ही कोण?

वर्ध्याच्या शाळेत माझ्या बाकावर बंग आडनावाचा एक मुलगा बसायचा. घरचा धंदा कापडाचा. नव्या मास्तरांनी हजेरी घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला, “ठाकुरदासजींचा कोण होय रे तू?” “कोणीच नाही, सर,” म्हणून तो खाली बसे, आणि आम्ही पोरं हसायचो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

पाटील-देशमुखांना गर्दीत लपता येतं. बंगांना ती सोय नाही. मराठी कानाला बंगाली वाटावं असं हे दोन अक्षरी नाव. खरं तर माहेश्वरी समाजातलं, राजस्थानातून व्यापारासाठी विदर्भात आलेल्या घरांचं.

वर्ध्यात त्याला वजन आलं ते ठाकुरदास बंगांमुळे. जन्म १९१७चा. अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले. सुटल्यावर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा सेवाग्रामला गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. गांधीजींचं उत्तर थोडक्यात असं, की अर्थशास्त्र शिकायचं तर अमेरिकेला कशाला, खेड्यात जा. त्यांनी अमेरिकेचे कागद फाडून टाकले, अशी आठवण त्यांचे चिरंजीव सांगतात. पुढे भूदान, सर्वोदय, विनोबा, जयप्रकाश. आणि घरात सुमनताईंसारखी तितकीच कामाची बाई. २०१३ साली ठाकुरदासजी गेले.

दोन मुलांपैकी अशोकनं शेतीचा विषय घेतला, धाकट्या अभयनं आरोग्याचा. १९५० साली जन्मलेले अभय सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये शिकले, पुढे डॉक्टर झाले आणि १९८६ साली पत्नी डॉ. राणी यांच्यासह गडचिरोलीला ‘सर्च’ संस्था काढून बसले. राणीताई माहेरच्या चारी, चंद्रपूरच्या. हे आडनाव त्यांना लग्नानं मिळालं. पण १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये खेड्यातल्या बायकांच्या आजारांवरचा जो अभ्यास छापून आला, त्यात पहिलं नाव त्यांचंच होतं. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि तोवर त्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! दहा वर्षांनी, १९९९ साली, त्याच नियतकालिकात ३९ गावांचा हिशेब आला. गावातल्याच बाईला शिकवून तान्ह्या बाळाची काळजी घरीच घेतली, तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. ‘आशा’ ताई आज घरोघरी बाळं पाहायला जातात, त्यामागे हे काम आहे. २०१८ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

मधल्या काळात हिंगण्याकडचे रमेशचंद्र बंग राज्यात मंत्री झाले. झालं! आमच्या मित्राला आता दोन प्रश्न. कुणी बदलीचा अर्ज घेऊन दुकानात येई, कुणी दुखणं घेऊन.

मागल्या दिवाळीत तो भेटला. त्याची मुलगी डॉक्टर झाली आहे, सरकारी दवाखान्यात असते. मी विचारलं, “तिलाही विचारतात का रे?”

“रोज. शोधग्रामच्या बंग डॉक्टरांच्या तुम्ही कोण, म्हणून. सुरुवातीला चिडायची, लगेच ‘कोणीच नाही’ म्हणून मोकळी व्हायची.”

“आणि आता?”

“आता आधी पेशंट तपासते. मग सांगते.”