सामाईक बाग आणि जमिनीचा कागद

चार कुटुंबांनी मिळून दुकान काढावयाचे ठरविले, तर भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे आणि नफ्यातील वाटा किती, हे आपण प्रथम कागदावर उतरवितो. हीच चार कुटुंबे मिळून बाग लावू लागली, की मात्र कागदाचा विषय काढणे कोणालाच रुचत नाही. घरोब्याच्या माणसांत कसली आली लिखापढी, असे वाटते. न्यूयॉर्क शहरातील सामाईक बागांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या समजुतीला धक्का देणारा आहे, म्हणूनच व्यापारी कुटुंबांनी तो जाणून घ्यावा.

सन 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कची सांपत्तिक स्थिती फार खालावली होती. 1975 साली तर महानगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. जुन्या वस्त्यांतील घरभाडे कर आणि दुरुस्तीच्या खर्चालाही पुरेना. कित्येक मालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या. त्यांतील काही जळाल्या, काही पाडल्या गेल्या आणि कर थकल्यामुळे त्यांच्या जागा महानगरपालिकेकडे आल्या. त्या जागांवर विटामातीचे ढीग, मोडके सामान आणि कचरा यांचे राज्य पसरले.

मॅनहॅटनमध्ये बावरी आणि हाऊस्टन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर असाच एक उकिरडा होता. तेथे राहणाऱ्या लिझ ख्रिस्ती या चित्रकर्तीने 1973 साली मित्र आणि शेजारी गोळा करून तो साफ करावयास घेतला. ही मंडळी स्वतःला ‘ग्रीन गेरिलाज’ म्हणवीत. कुंपणाआड बंद असलेल्या पडीक जागांत शिरता येत नसे, तेव्हा बी, खत आणि पाणी भरलेले फुगे ते बाहेरूनच आत भिरकावीत. कोपऱ्यावरच्या जागेत मात्र त्यांनी रीतसर साठ वाफे तयार केले आणि 1974 मध्ये महानगरपालिकेकडून ती जागा महिना एक डॉलर भाड्याने घेतली. लिझ ख्रिस्ती 1985 साली निवर्तल्या. बाग आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पाहता पाहता शहरभर अशा बागा उभ्या राहिल्या. पडलेल्या घरांच्या जुन्या रंगातील शिसे मातीत मुरलेले असे. म्हणून लाकडी चौकटी ठोकून त्यांत बाहेरून आणलेली माती भरावी लागे, आणि भाजी त्या उंच वाफ्यांतच लावली जाई. नळजोडणी नसल्यामुळे परवाना काढून रस्त्यावरील अग्निशामक दलाच्या नळाला रबरी नळी जोडीत. पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी आपल्या बागांतून गावाकडच्या धर्तीची लहान लाकडी घरे बांधली. त्यांना ते ‘कासिता’ म्हणत. संध्याकाळी वडीलधारी मंडळी तेथे डोमिनोचा डाव मांडीत.

श्रमाची आणि फळाची वाटणी दोन प्रकारे होते. काही ठिकाणी प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा वाफा असतो आणि वाटा, कंपोस्टचा खड्डा, अवजारांची खोली तेवढी सामाईक असते. इतर ठिकाणी सारीच लागवड एकत्र आणि पीकही एकत्र. दुसरा प्रकार ऐकावयास अधिक उदात्त वाटतो; पण माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे. ज्याचा टोमॅटो पिकतो त्याने सकाळी उठून पाणी घातलेले असते, आणि जास्तीचे पीक शेजाऱ्याच्या हातावर ठेवण्यात जो आनंद आहे तो ‘माझे’ असल्याशिवाय मिळत नाही. भांडणे दोन्हीकडे होतातच. कोणी न विचारता फळ तोडतो, कोणाचा पुदिना मुळे पसरीत दुसऱ्याच्या वाफ्यात शिरतो, कोणी उन्हाळ्यात महिनाभर गावाला जातो आणि त्याच्या वाट्याचे पाणी कोणी घालावे हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे टिकलेल्या बागांतून नियम लिहिलेले आढळतात: किल्ली कोणाकडे, महिन्याकाठी सामाईक कामाला किती तास, आणि वाफा किती आठवडे ओस राहिला तर तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला द्यावा.

आपसातले कागद असे झाले. जमिनीचा कागद मात्र कच्चाच राहिला.

1978 साली महानगरपालिकेने ‘ग्रीन थंब’ ही योजना सुरू करून बागांना वर्षाला एक डॉलर नाममात्र भाड्याने भूखंड देण्यास आरंभ केला. भाडे स्वस्त होते, परंतु करार तात्पुरता होता आणि जागा परत घेण्याचा अधिकार महानगरपालिकेने स्वतःकडे ठेवला होता. त्या काळी अशा जमिनीला गिऱ्हाईकच नव्हते. पुढे वस्त्या सुधारल्या, भाव चढले, आणि या चढलेल्या भावांत बागांचाही हात होता. वॉयकू आणि बीन या अभ्यासकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की बाग सुरू झाल्यावर तिच्याभोवतीच्या हजार फुटांतील मालमत्तांचे मोल वाढते. गरीब वस्त्यांत तर पाच वर्षांत ही वाढ सुमारे 9 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे शेजाऱ्यांनी घाम गाळून जी जागा सुंदर केली, तीच त्यांच्या श्रमामुळे विकण्याजोगी झाली. व्यापारात भांडवल दुसऱ्याच्या खाती जमा होणे म्हणतात ते हेच.

मे 1999 मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने 114 बागांच्या जमिनी लिलावात काढण्याचे ठरविले. शहराला घरांची टंचाई होती, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण लिलावात सर्वाधिक बोली लावणारा गरिबांसाठी घरे बांधील, याची हमी कोठेच नव्हती. लिलावाच्या अगदी तोंडावर ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांची ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ या दोन संस्थांनी मिळून सुमारे 42 लाख डॉलर मोजून त्या बागा सोडविल्या.

सर्वांचे नशीब असे नव्हते. पूर्वेकडील सातव्या रस्त्यावरील ‘एस्पेरान्सा’ ही वीस वर्षांहून जुनी बाग फेब्रुवारी 2000 मध्ये बुलडोझरखाली गेली. त्याच दिवशी न्यायालयाने बागा पाडण्यास तात्पुरती मनाई दिली. परंतु हुकूम निघाला तेव्हा तेथे उखडलेल्या मातीखेरीज काही उरले नव्हते. स्पॅनिश भाषेत एस्पेरान्सा म्हणजे आशा. अखेर 2002 साली राज्याचे महाधिवक्ता आणि महानगरपालिका यांच्यात तडजोड होऊन सुमारे 400 बागांना संरक्षण मिळाले आणि उर्वरित काही जागांवर बांधकामास वाट मोकळी झाली. आज ‘ग्रीन थंब’कडे 550 हून अधिक बागांची नोंद आहे. हंगामात आठवड्याला किमान वीस तास फाटक सर्वांसाठी उघडे ठेवण्याची अट त्यांना पाळावी लागते. जमीन सार्वजनिक असेल तर बाग केवळ किल्लीवाल्यांची राहू नये, ही अट मला न्याय्य वाटते.

आता आपल्याकडे पाहू. पुण्यामुंबईच्या कित्येक सहकारी गृहनिर्माण संस्थांत शेजारी मिळून आवारात वा गच्चीवर कढीपत्ता, गवती चहा, मोगरा, शेवगा लावतात, पाळीपाळीने पाणी घालतात आणि पर्युषणात, गणपतीत फुले वाटून घेतात. यांपैकी अनेक संस्थांच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण अद्याप झालेले नाही. कागदोपत्री मालक विकासक वा मूळ जमीनमालकच आहे. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, की खोल्यांच्या चौरस फुटांचा हिशोब बारकाईने होतो; शेवग्याच्या झाडाचा उल्लेख सहसा कोठे येत नाही. विकासक सहकार्य करीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळविण्याची सोय महाराष्ट्राच्या कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने झालेली आहे. आपल्या आवाराचे मालमत्ता पत्रक कोणाच्या नावे आहे, हे पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिवांना विचारावयास हरकत नाही. आणि पुनर्विकासाचा मसुदा समोर आलाच, तर मोकळ्या जागेतील बाग कोठे, किती क्षेत्रावर आणि कोणाच्या देखरेखीखाली राहील, ही ओळ सही करण्यापूर्वी त्यात घालून घ्यावी.