हेल्मेट घातल्यावर खाज का सुटते?

जून महिन्यात महाविद्यालय सुरू झाले की प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला एक गोष्ट दरवर्षी नजरेस पडते. स्कूटरवरून येणारे विद्यार्थी कपाळ खाजवीतच प्रयोगशाळेत शिरतात. भुवयांच्या वर एक तांबडी आडवी पट्टी उमटलेली असते. कोणाच्या कानामागे, कोणाच्या हनुवटीखाली बारीक पुरळ असते. एका विद्यार्थ्याने यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता. हेल्मेट कोपरात अडकवायचे आणि चौकात पोलिस दिसला की डोक्यावर चढवायचे! अपघात काही पोलिस पाहून होत नाहीत. त्याला रागावण्याऐवजी मी फळ्यावर एक हिशेब मांडला. तो तुम्हीही करून पाहा.

डोके आणि हेल्मेटचे अस्तर यांच्यामध्ये, केसांतली धरून, समजा अर्धा लिटर हवा अडकली आहे. त्वचेलगत तिचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तेव्हा अर्ध्या लिटरात मावणारे बाष्प झाले ०.०२ ग्रॅम, म्हणजेच २० मिलिग्रॅम. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंबच सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो! अर्धा थेंब घाम वाळला की हेल्मेटमधली हवा संपृक्त झाली. तीदेखील आरंभी अगदी कोरडी असेल तर. कोकणात पावसाळ्यात ३० अंश तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असली, तर बाहेरच्या हवेतच दर घनमीटरला २४ ग्रॅम बाष्प असते. मग आपल्या अर्ध्या लिटरात अवघ्या ८ मिलिग्रॅमची जागा उरते. ही हवा बदलत राहिली नाही, तर पुढचा घाम वाळणार कोठे?

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. एक ग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना त्वचेची सुमारे २,४०० जूल उष्णता खर्ची पडते. बाष्पीभवन थांबले की ही उष्णता तेथेच राहते, त्वचा तापते आणि आणखी घाम येतो. त्यातून हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलसारख्या फेसाळ प्लॅस्टिकचा जाड थर असतो व तो उष्णतेचा दुर्वाहक आहे. पण डोके आपटते तेव्हा हाच थर चेपून आघाताची ऊर्जा शोषून घेतो. ‘हवा लागावी’ म्हणून तो काढून टाकणारे आणि कवचाला भोके पाडणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसे हेल्मेट म्हणजे केवळ टोपी.

आता त्वचेचे काय होते ते पाहू. बराच वेळ धुणे धुतल्यावर बोटे पांढुरकी होतात, कारण त्वचेचा वरचा मृत पेशींचा थर पाणी शोषून फुगतो. घामाने भिजलेल्या कपाळावरही तोच प्रकार होतो. अशी ओलसर त्वचा निसरडी होईल असे आपल्याला वाटते, पण घडते उलटे. नोटा मोजताना रोखपाल बोट ओल्या स्पंजाला का लावतो? किंचित ओलसर त्वचेचे घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा जास्त असते म्हणून. खड्ड्यागणिक हलणारे अस्तर मऊ झालेल्या त्वचेवर घासत राहते. घाम बाहेर टाकणाऱ्या नलिकांची तोंडे बुजली की घामोळे येते, आणि केसांच्या मुळांशी दाब व घर्षण चालू राहिले की मुरमे उठतात. १९७५ साली मिल्स व क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी अशा मुरमांचे वर्णन करून त्यांना ‘ॲक्ने मेकॅनिका’, म्हणजे यांत्रिक कारणाने येणारी मुरमे, असे नाव दिले. कपाळावर खोबरेल तेल ओघळत असेल तर त्यांत भरच पडते.

तांबड्या पट्टीचे कारण निराळे आहे. सव्वा किलोच्या हेल्मेटचे वजन सुमारे १२ न्यूटन भरते. ते डोक्याच्या २०० चौरस सेंटिमीटर भागावर विभागले गेले तर दाब होतो ६०० पास्कल. परंतु आकार डोक्याशी जुळत नसेल आणि सारा भार १० चौरस सेंटिमीटरवर आला, तर तोच दाब १२,००० पास्कल होतो. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब साधारणपणे ४,००० पास्कल असतो. साहजिकच तेथील रक्त बाजूला दाबले जाते आणि हेल्मेट काढल्यावर जोराने परत येते. ही लाली थोड्या वेळात गेली तर काळजी नको. रोज तेथेच दुखत असेल तर मात्र त्या हेल्मेटची घडण तुमच्या डोक्यासाठी नाही.

म्हणून सैल हेल्मेट घ्यावे काय? मुळीच नाही. सैल हेल्मेट जास्त घासते आणि अपघातात निसटते. विकत घेताना पट्टा बांधून ते हाताने डावीउजवीकडे हलवा. कपाळाची त्वचा हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट त्वचेवरून सरकता कामा नये. भारतीय मानक ४१५१ चा शिक्काही पाहून घ्या. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतेच, हे शाळकरी वाचकांनी विसरू नये.

अस्तर सुटे होत असेल तर आठवड्याला सौम्य साबणाने धुऊन, साबणाचा अंश न ठेवता, सावलीत वाळवावे. पेट्रोल किंवा थिनरने कधीही पुसू नये. थर्माकोलचा तुकडा पेट्रोलात टाकून पाहिला की कारण समजेल, पण हा प्रयोग शिक्षकांनीच, ज्योतीपासून दूर करून दाखवावा. ओले हेल्मेट डिकीत कोंबू नये. पट्ट्याच्याच आकाराचे पुरळ उठले तर पट्ट्यातील रबर, रंग वा चामड्याची ॲलर्जी असू शकते. तसे झाल्यास किंवा पू झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून मनानेच स्टेरॉइडचे मलम आणू नये, त्याने गजकर्णासारखे विकार बळावतात.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल. तो पातळच हवा, नाहीतर हेल्मेट नीट बसणार नाही. सुती धाग्यांतील केशाकर्षणाने घाम त्वचेवरून उचलला जातो, आणि २० ग्रॅमचा रुमाल २० ग्रॅम पाणी सहज धरतो. अडकलेल्या हवेच्या हजारपट! अर्थात भिजलेला रुमाल बदललाच पाहिजे. कोपरात हेल्मेट अडकवणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी हेच काम दिले. घरून निघताना रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर वजन करायचे. मग तो हेल्मेटखाली घालून नेहमीचा प्रवास करायचा आणि त्याच पिशवीत घालून पुन्हा वजन करायचे. तुम्हीही करा, आणि वाढलेल्या वजनाला २० मिलिग्रॅमने भागून पाहा.