अनंताचे फळ : चिनी वैद्यकातील ‘झिझी’

अनंताचे झुडूप आपल्याकडे परसदारी असते ते फुलांसाठी. देवपूजेस व केसांत माळण्यास शुभ्र सुगंधी फुले मिळाली की त्याचे प्रयोजन संपते. फळाचा विचार सहसा होत नाही, कारण बागेत लावल्या जाणाऱ्या दुहेरी पाकळ्यांच्या प्रकारास फळ बहुधा धरतच नाही. चीनमध्ये मात्र याच वनस्पतीच्या, म्हणजे गार्डेनिया जॅस्मिनॉइडिसच्या, एकेरी फुलांच्या प्रकाराचे पक्व फळ सुमारे दोन सहस्र वर्षे औषधात वापरले जात आहे. तेथे त्यास ‘झिझी’ म्हणतात.

हे फळ लांबट, तांबूस-नारिंगी व उभ्या कंगोऱ्यांचे असते. अग्रभागी पुष्पकोशाचे अवशेष टिकून राहतात. पक्व फळे वाफवून अथवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवितात. चिनी मतानुसार ते रसाने तिक्त व वीर्याने शीत असून हृदय, फुप्फुस आदी मार्गांतील उष्णता खाली उतरवून मूत्रावाटे बाहेर काढते. आपल्या परिभाषेत त्यास पित्तशामक व मूत्रल म्हणण्यास हरकत नसावी.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध योग कामलेवरील आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील आचार्य झांग झोंगजिंग यांनी तो सांगितला. त्यात तीनच द्रव्ये आहेत : दवण्याच्या कुलबंधूपैकी आर्टेमिसिया कॅपिलॅरिस, झिझीची १४ फळे आणि आपणास सुपरिचित असलेली रेवंदचिनी. आधी आर्टेमिसिया एकटीच उकळून मग उरलेली दोन द्रव्ये घालावयाची असतात. मूत्र गडद वर्णाचे होऊन सुटू लागले की कामला मूत्रमार्गे जात आहे, असे ग्रंथकार मानतात. आपल्या फलत्रिकादि क्वाथातील कुटकीशी येथे तुलना सुचते. दोन्ही द्रव्ये तिक्त व शीत आहेतच. शिवाय दोहोंतील प्रमुख घटक इरिडॉइड ग्लायकोसाइड या एकाच वर्गातील आहेत. झिझीतील या घटकाचे नाव जेनिपोसाइड.

याच आचार्यांनी ज्वरानंतरच्या तळमळीवर व अनिद्रेवर झिझी आणि आंबवलेले सोयाबीन असा द्विद्रव्यात्मक क्वाथ दिला आहे. रक्तस्रावात फळ करपवून वापरतात. त्या संस्कारावरून आपली मषीकल्पना आठवावी. मुरगळलेल्या सांध्यावर चूर्णाचा लेपही करतात. लेप काढल्यावर त्वचा निळसर दिसते, त्यामुळे रुग्ण घाबरतो. पण तो केवळ रंग असतो. जेनिपोसाइडपासून बनणारे जेनिपिन प्रथिनांतील अमिनो आम्लांशी संयोग पावून निळे होते.

हा निळा रंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याचा कोठा पूर्वीपासून सैल आहे, त्यास झिझीचा क्वाथ देऊ नये, असा निषेध झांग झोंगजिंग यांनीच केला होता. आधुनिक काळात जपानमध्ये झिझीयुक्त योग अनेक वर्षे घेणाऱ्या काही रुग्णांत बृहदांत्राच्या सिरा कठीण होऊन त्यांत चुना साठल्याचे आढळले. पोटदुखी, अतिसार, मलावष्टंभ, आध्मान अशी लक्षणे दिसतात. दुर्बिणीने पाहता आंत्राची श्लेष्मल त्वचा निळी-जांभळी दिसते. जेनिपोसाइडचे जेनिपिन आंत्रातील जिवाणू करतात, म्हणून कारण तेथेच असावे असा तर्क मांडला जातो. २०१८ मध्ये जपानी शासनाने अशा औषधांच्या माहितीपत्रकांत दीर्घकालीन, विशेषतः ५ वर्षांहून अधिक, सेवनाबाबत इशारा समाविष्ट करविला. मूळ निषेध अल्पकालीन क्वाथासंबंधी होता, तेव्हा दोहोंचा थेट संबंध जोडणे आम्हांस धाडसाचे वाटते. तरीही कोष्ठपरीक्षा केल्याविना हे द्रव्य देऊ नये, एवढे दोहोंतूनही निघते. प्राण्यांवरील प्रयोगांत जेनिपोसाइडच्या अतिमात्रेने यकृतासही इजा झालेली आहे. कामलेवरील औषधाच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

चिनी औषधकोशातील मात्रा दिवसास ६ ते १० ग्रॅम आहे. परदेशातून आलेला एखादा रुग्ण चिनी वा जपानी गोळ्या घेत असल्यास घटकद्रव्ये आणि सेवनाचा काळ अवश्य विचारावा.

औषधी दुकानदार बंधूंसाठी दोन गोष्टी. झिझीसारखेच, पण अधिक मोठे व लांबट फळ चीनमध्ये प्रामुख्याने रंगकामासाठी विकले जाते. ते पोटात घेण्यासाठी नव्हे. दुसरे असे की, आपली डिकेमाली म्हणजे नाडीहिंगु ही गार्डेनियाच्याच अन्य प्रजातींच्या कळ्या-कोंबांवरील राळ आहे. ती उष्ण, दीपन व कृमिघ्न आहे. झिझी शीत आहे. कुल एक असले तरी एकीच्या जागी दुसरी देता येणार नाही.