लाटेवरून वहीत

कोल्हापुरात पोहायला बहुतेकजण नदीवर शिकतात. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वडील किंवा चुलते पंचगंगेच्या घाटावर नेतात, पाठीला डबा बांधतात आणि पाण्यात सोडतात. माझंही तसंच झालं. याच शहरातला वीरधवल खाडे 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत त्यानं 50 मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळवलं. पाण्याची भीती अशी आम्हाला नसते. पण समुद्राचं पाणी वेगळं वागतं, हे सर्फिंग शिकायला लागल्यावर मला नीट कळलं.

मी शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करते. विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. कोल्हापूरला येण्याआधी खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याला शिक्षक होते. माझी मावशीही शिरोड्याचीच. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत एसटीनं तिच्याकडे जायचं आणि तिथून तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात उतरायचं. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी अशा पुळणी तिथं एकीला लागून एक आहेत. यातल्या काही किनाऱ्यांवर सर्फिंग शिकवतात. हंगाम पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत. पावसाळ्यात या समुद्रात उतरायचंच नाही.

लाट आपल्याकडे येते तेव्हा पाणी फारसं पुढे येत नाही. दूरवर वाऱ्यानं पाण्याला दिलेला जोर तेवढा पुढे सरकत येतो. लाटांमागे तरंगणारा नारळ म्हणूनच वरखाली होत बराच वेळ जवळपास त्याच जागी राहतो. किनारा जवळ आला की लाटेचा खालचा भाग उथळ तळामुळे मंदावतो, वरचा भाग पुढे झुकतो आणि लाट फुटते. मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटते. त्यामुळे पाण्याखाली वाळूचा बांध कुठे आहे यावर लाट कुठे फुटणार ते ठरतं आणि भरती-ओहोटीबरोबर ती जागा बदलत राहते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची. केरीच्या मच्छीमारांना हे तोंडपाठ असतं. मला ते आधी पुस्तकातून कळलं आणि मग पायाखालच्या वाळूतून.

शिकणाऱ्याला सुरुवातीला कंबरभर पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात उभं करतात. बोर्ड आठ-नऊ फुटांचा, मऊ फोमचा. त्याचा पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला बांधलेला. छातीवर पालथं पडायचं, लाट जवळ आली की दोन्ही हातांनी पाणी मागे सारायचं. बोर्डची शेपूट उचलली गेली की तळवे छातीशी रोवायचे आणि एका झटक्यात पाय आत घेऊन उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. आमचा शिकवणारा दादा मांद्र्याचा, मच्छीमाराच्या घरातला. तो सतत एकच ओरडायचा, "फुडें पळय, बाय!" नजर पायांकडे गेली की मान वाकते, मानेमागून खांदे वाकतात आणि बोर्डचं टोक पाण्यात घुसतं. आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं, हे त्यानं पहिल्याच सकाळी शिकवलं होतं.

संध्याकाळी मावशीच्या पडवीत बसून मी वही लिहायची. 'मजा आली' एवढं लिहून पान पुढे सरकत नाही. लिहायचं तर क्रम लावावा लागतो. शेपूट आधी उचलली गेली की मी हात आधी रोवले? त्या क्षणी मी काय बघत होते? उत्तर देता आलं नाही की दुसऱ्या दिवशी पाण्यात नेमकं तेवढंच बघायचं. वहीतला प्रश्न सकाळी पाण्यात न्यायचा आणि पाण्यातलं उत्तर संध्याकाळी वहीत. माझं उभं राहणं सुधारलं ते यामुळे. लिहिणंही सुधारलं. 'अथांग', 'रौद्र' असली विशेषणं आपोआप गळाली, कारण फेस गुडघ्याला लागला की छातीला, हे सांगताना ती काहीच कामाची नसतात.

लाटेवर उतरून मग त्याबद्दल लिहिणं आधीही लेखकांनी केलेलं आहे. मार्क ट्वेन 1866 मध्ये हवाईला गेला, त्यानं एकदा प्रयत्न केला, बोर्ड त्याला सोडून किनाऱ्याला लागला आणि ही विद्या तिथल्या मूळ रहिवाशांनाच साधते असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला. 1907 मध्ये जॅक लंडन हवाईतल्याच वाइकीकीला पोचला. त्यानं आधी लाट कशी चालते हे समजून घेतलं, जाणकाराकडून धडे घेतले, पुन्हा पुन्हा पाण्यात उतरला आणि उन्हानं भाजलेल्या अंगानं अंथरुणात पडून त्यावर लेख लिहिला. तो लेख आजही शिकणाऱ्याच्या उपयोगी पडतो, कारण त्यात कौतुकाबरोबर कृती आहे.

हवाईच्या इतिहासात लिहिण्याची दुसरी बाजूही दिसते. तिथं सर्फिंग लिपीच्या कितीतरी आधीचं. लाटांची, किनाऱ्यांची, खेळाडूंची गाणी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होती. 1820 मध्ये मिशनरी आले, हवाईयन भाषेला लिपी मिळाली, माणसं झपाट्यानं साक्षर झाली. पण त्याच शतकात रोगराईनं लोकसंख्या रोडावली, जगण्याची रीत बदलली आणि सर्फिंग जवळजवळ थांबलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पुन्हा उभं राहिलं ते तिथल्याच पाण्यात वाढलेल्या माणसांमुळे. 1912 च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला ड्यूक काहानामोकू त्यांतला सर्वांत मोठा. अक्षरं आली म्हणून अंगातली विद्या टिकतेच असं नाही. ती करणारी माणसं लागतात आणि त्यांच्याजवळ बसून लिहून घेणारीही.

कोल्हापूरला अशी अंगातली विद्या नवी नाही. इथल्या तालमींत वस्ताद पोराचा हात धरून डाव शिकवतो. कुठल्या क्षणी समोरच्याचा तोल सुटतो हे त्याला अंगानं माहीत असतं. घाटावर पोहायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांना पुराच्या पाण्याची ओढ कुठे आहे ते नुसतं बघून कळतं. यातलं फार थोडं कागदावर आलं आहे. 1850 मध्ये करवीर नगर वाचन मंदिर सुरू करणाऱ्या या गावात पुस्तकांची कमी नाही. भाषा शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी आता तालमीत आणि घाटावर जाऊन बसायला हवं. तेही नुसतं ऐकायला नव्हे. आधी लंगोट लावून मातीत किंवा पोहायला पाण्यात उतरायचं आणि मगच वही उघडायची. मी सुरुवात नदीपासून करणार आहे.