पंचेचाळीस दिवसांची मुदत

चंडीगडच्या औद्योगिक क्षेत्रातील लघु कारखाने ट्रॅक्टरचे सुटे भाग, नट-बोल्ट मोठ्या उद्योगांना पुरवतात. माल वेळेवर पोचतो. देयक मात्र रखडते आणि कॅश क्रेडिटवरील व्याज पुरवठादारालाच सोसावे लागते. म्हणूनच २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी मुदत आखून दिली : लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवस, नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. ती टळल्यास बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज देय होते. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. निवाड्यास आव्हान देणाऱ्या खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तरीही ग्राहक दुरावेल या भीतीने अनेक उद्योजक मौन पाळतात. उद्यम नोंदणी, लेखी करार व माल पोचल्याची पावती जपणे, हीच या हक्काची पहिली पायरी होय.