जुन्या मुंबईचे राखणदार

सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्याने फोर्टकडे निघालेला माणूस भर पावसातही बरीचशी वाट छत्री न उघडता कापतो. इथल्या इमारतींच्या तळमजल्यावर कमानींच्या लांबच लांब ओवऱ्या आहेत. हा रस्ता पूर्वी हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाई. दर्शनी भाग कसाही सजवा, पण खाली पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडलीच पाहिजे, असा नियम १८९६ मध्ये इथे लागू झाला. म्हणूनच कुठे गॉथिक, कुठे पारशी दानशूरांच्या पैशातून उभी राहिलेली ऐसपैस वास्तू, असे सगळे शेजारी शेजारी असूनही रस्ता एकसंध वाटतो.

१९९०च्या दशकात मात्र या कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. प्रत्येक दुकानाची पाटी शेजारच्या पाटीपेक्षा मोठी. पाट्यांच्या मागे दगडात कोरलेली नक्षी, कमानीचा माथा, खांबांची शीर्षे झाकली गेली. शतकभर जुन्या दगडात खिळे आणि लोखंडी अँगल ठोकले गेले. त्या गंजलेल्या भोकांतून पावसाचे पाणी आत मुरत राहिले.

१९९८च्या सुमारास आभा नारायण लांबा या तरुण वास्तुविशारद बाईंनी या रस्त्याचा अभ्यास हाती घेतला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) वारसा जतन संस्थेने अभ्यासाचा खर्च उचलला. पण प्रत्यक्ष पाट्या उतरवायच्या होत्या त्या दुकानदारांनी, तेही स्वतःच्या खर्चाने. त्यामुळे काम नकाशापेक्षा समजावण्याचे अधिक होते. दुकानोदुकानी जाऊन बोलायचे, पाटी कमानीच्या आत कशी बसेल ते दाखवायचे. हळूहळू दुकानदार तयार होत गेले, रस्त्याची स्वतःची संघटना उभी राहिली आणि झाकलेला दगड पुन्हा उजेडात आला. २००४ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. एकही इमारत पाडली नाही, नवी बांधली नाही. शेकडो दुकानदारांच्या होकारातून एक रस्ता परत मिळाला, हे या कामाचे मोल.

या समजावणीच्या पाठीशी कायदा होता आणि तोही नागरिकांच्या रेट्यातूनच आलेला. भारतीय पुरातत्त्व खाते राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके सांभाळते. लेणी, किल्ले, मंदिरे त्यात येतात. शहरातली वापरातली इमारत, म्हणजे कचेरी, ग्रंथालय, चाळ किंवा नाट्यगृह, त्या छत्राखाली सहसा येत नाही. ही पोकळी भरून निघावी म्हणून बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपचे श्याम चैनानी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. अखेर १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियम लागू झाले. शहराच्या वारशासाठी असे नियम करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले, त्यांच्या श्रेणी ठरल्या आणि बदलाआधी वारसा समितीचा सल्ला घेणे भाग पडले.

यादीमुळे हातोडा थांबतो, गळती थांबत नाही. छप्पर दुरुस्त करायला पैसा लागतो आणि दक्षिण मुंबईत तो येणार कुठून, हा प्रश्न १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यापाशी जाऊन पोचतो. त्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला घरमालकाच्या मनमानीपासून वाचवायचे, हा हेतू रास्तच होता. पण ती गोठवणूक दशकानुदशके टिकली. महिन्याच्या भाड्यात एका खिडकीचे तावदानही येईना, तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. भाडेकरूने घर घेताना मालकाला एकरकमी पागडी मोजलेली, पण इमारत त्याच्या नावावर नाही, मग सामायिक जिन्यावर आणि गच्चीवर तो खर्च का करील? १९६९च्या कायद्याने अशा इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आणले. १९९९च्या नव्या भाडे कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मुळातली रक्कमच नगण्य असल्याने त्या वाढीने फारसे साधले नाही. मुंबईतल्या देखण्या लाकडी जिन्यांना वाळवीने खाल्ले, त्याचे मूळ कारण हवामानाइतकेच या हिशेबात आहे.

आणि जिथे पैसा उभा राहतो, तिथेही चुकीच्या हातात काम गेले तर इमारतीचे नुकसानच होते. यातला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे सिमेंट.

जुन्या दगडी भिंतीत दगडांच्या सांध्यांना, म्हणजे दरजांना, चुना भरलेला असतो. चुनखडी भट्टीत भाजायची, मिळालेला कळीचा चुना पाण्यात विरवायचा, दिवसेंदिवस मुरू द्यायचा. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा भुगा, मिसळून घाणीत मळायचा. गवंड्यांच्या घराण्यांत यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालण्याची रीत आहे. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो आणि पुन्हा चुनखडीच्या मूळ रूपाकडे जातो. तो दगडापेक्षा मऊ राहतो, आणि त्यातून ओल बाहेर पडू शकते. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, हिवाळ्यात दरजांवाटे ते सोडते.

त्याच दरजा सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते. ओल आता दगडातून बाहेर पडू पाहते. पाण्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात, आणि दगडाचा एकेक पापुद्रा सुटत जातो. काही वर्षांनी दृश्य उलटे होते. सिमेंटची दरज कडक, कोरी, पुढे आलेली आणि तिच्यामध्ये दगड खोबणीत गेलेला. कुर्ल्याचा काळसर दगड हा मार बराच काळ सोसतो, मालाडचा पिवळसर दगडही टिकाव धरतो. नक्षीसाठी आणलेला पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड मात्र लवकर हार मानतो आणि फुले, वेली, चेहरे तर त्यातच कोरलेले असतात. फोर्टमधून जाताना खांबांची शीर्षे नीट न्याहाळली तर हा फरक साध्या डोळ्यांनी दिसतो.

तैलरंगाचेही तेच. फ्लोरा फाउंटन १८६४ सालचे. त्याच्या दगडी मूर्तींवर वर्षानुवर्षे पांढऱ्या रंगाचे थर चढले होते. महापालिकेने जीर्णोद्धार हाती घेतला तेव्हा ते थर उतरवून मूळ दगड मोकळा करावा लागला. २०१९च्या जानेवारीत कारंजे पुन्हा सुरू झाले. त्याच परिसरातल्या खोदकामात जुन्या ट्रामचे रूळही सापडले होते. १९६४ मध्ये बंद पडलेली ट्राम पाहिलेली पिढी अजून शहरात आहे आणि तिच्या डोळ्यांत ते रूळ पाहून आलेले पाणी हा जतनाच्या कामाचा खरा मोबदला मानायला हवा.

महापालिका, उद्योगसमूह आणि नागरिकांची संस्था एकत्र आल्या की काय घडते, हे भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाहायला मिळते. तिथले वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते उभे राहावे म्हणून जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी खटपट केली होती. गोव्यातल्या मांद्र्याहून आलेल्या आणि वैद्यक व संस्कृत दोन्हींत नाव मिळवलेल्या भाऊ दाजींचे नाव संग्रहालयाला १९७५ मध्ये दिले गेले. त्यानंतरही वास्तू खंगतच होती. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था यांच्यात करार झाला. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली छत, ओतीव लोखंडाचे खांब, फरशा आणि रंगकाम यांची निगुतीने दुरुस्ती झाली. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाला आपला सर्वोच्च पुरस्कार दिला आणि २००८च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडले. आज शाळांच्या सहली तिथे प्राण्यांच्या पिंजऱ्यांइतक्याच उत्साहाने येतात.

गिरगावातले रॉयल ऑपेरा हाऊस ही खासगी मालकीतली गोष्ट. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे सूर ऐकलेल्या या नाट्यगृहाचे पुढे चित्रपटगृह झाले आणि १९९३ मध्ये तेही बंद पडले. मालक असलेल्या गोंडलच्या राजघराण्याने ते विकले नाही. २०१६ मध्ये ते पुन्हा रंगमंच म्हणून सुरू झाले. तिथे मैफली होतात ही बाब फार महत्त्वाची, कारण रोज दार उघडणाऱ्या इमारतीतली गळती पहिल्याच पावसात कुणाच्या तरी नजरेस पडते.

पण नाट्यगृहे आणि संग्रहालये मोजकी. खरी परीक्षा राहत्या घरांची. म्हणूनच मुंबई सेंट्रलजवळच्या लाल चिमणी कंपाउंडचे उदाहरण जास्त मोलाचे वाटते. पारशी विश्वस्त निधीच्या या वसाहतीत भाडेकरू राहत होते, राहत आहेत. दिलावरींनी तिथे दुरुस्ती केली ती छप्पर, पाण्याच्या पन्हळी, लाकूडकाम अशा क्रमाने. २०१३ मध्ये युनेस्कोने या दुरुस्तीची दखल घेतली. साध्या मध्यमवर्गीय घरांचीही वारसा म्हणून दखल घेतली जाते, हे त्या निवडीने सांगितले.

ओव्हल मैदानाच्या भोवतालची कहाणी निराळी. १९९०च्या दशकात बावीस एकरांचे हे मैदान कचरा आणि गैरधंद्यांनी ग्रासले होते. शेजारच्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि मैदानाची निगा स्वतः अंगावर घेतली. मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातली आर्ट डेको घरे. हे दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरावा, अशी मागणी याच भागातल्या नागरिक संस्थांनी लावून धरली. राज्य सरकारने ती उचलली आणि ३० जून २०१८ रोजी बहारीनमधल्या बैठकीत युनेस्कोने त्यावर मोहोर उमटवली. सीएसएमटीला तो मान २००४ मध्येच मिळाला होता. फरक इतकाच, की या वेळी यादीत लोकांची राहती घरे गेली.

मात्र सगळीकडे रहिवासी वारशाच्या बाजूने उभे राहतात, असे नाही. २०१२ मध्ये महापालिकेने शेकडो नव्या वास्तूंची प्रस्तावित यादी जाहीर केली. त्यात दादरचा शिवाजी पार्क परिसर होता, आणि तिथून कडाडून विरोध झाला. या विरोधाला केवळ पैशाची हाव म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना राहणारे सत्तरीचे जोडपे पुनर्विकासाची वाट पाहत असते. त्यांच्या घराला वारसा म्हणायचे आणि लिफ्टचा, गळतीचा, वाढत्या कुटुंबाचा खर्च त्यांच्यावरच टाकायचा, हे चालणार नाही. वारसा मालकाला विकासहक्क हस्तांतराची, म्हणजे टीडीआरची तरतूद नियमांत आहे. पण सामान्य सोसायटीला ती वाट सोपी करून सांगणारे कुणी हवे. करसवलत आणि दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळाले तर विरोधाची धार निम्मी होईल. ही जबाबदारी सरकारची आहे आणि ती टाळून नुसत्या याद्या वाढवणे अपुरे आहे.

दुर्लक्षाचा शेवट कसा होतो, ते काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये दिसते. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून ही इमारत वॉटसन हॉटेल म्हणून जोडली गेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले. पुढे हॉटेल बंद झाले, खोल्याखोल्यांतून वकिलांच्या आणि लहान धंद्यांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. सज्ज्यांचे भाग कोसळू लागले. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली गेली आणि पाडावी की वाचवावी, हा वाद न्यायालयात पोचला. पन्नास वर्षांपूर्वी किरकोळ खर्चात झाली असती, ती दुरुस्ती आता कोट्यवधींची झाली आहे.

शिवाजी पार्क, माटुंगा, मरीन ड्राइव्ह इथल्या आर्ट डेको इमारती मात्र दगडाच्या नव्हे, सिमेंट काँक्रीटच्या आहेत, त्यांना चुना चालत नाही. त्यांचा शत्रू खारा वारा. तो काँक्रीटमध्ये शिरून सळ्या गंजवतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. त्यावर नुसता गिलावा मारून रंग दिला, तर आत गंज वाढतच राहतो. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन मगच भाग पुन्हा भरावा लागतो. आर्ट डेको मुंबई ट्रस्टने अशा इमारतींची छायाचित्रांसह नोंद करायला घेतली आहे. सूर्यकिरणांच्या नक्षीची जाळी, गोलाकार गॅलरी, दारावरची इमारतीच्या नावाची अक्षरे असे बारीकसारीक तपशील त्यात टिपले जातात, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवताना नेमके हेच भंगारात जाते. रंगकामाचा ठराव सोसायटीच्या सभेत येईल तेव्हा कंत्राटदाराला दर विचारण्याआधी जुन्या जाळ्या आणि नावाची अक्षरे काढली जाणार नाहीत, एवढी एक ओळ करारात लिहून घ्यावी. मे महिन्यात गच्चीच्या पन्हळी साफ कराव्यात आणि भिंतीतून उगवलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच मुळासकट काढावे.