चारशे सेहेचाळीस

वाशीमच्या पाटणी चौकालगतच्या एका गल्लीत लग्नपत्रिका, शोकपत्रिका आणि सहकारी संस्थांच्या सभांच्या नोटिसा जुळवून देणारे एक लहानसे दुकान आहे. तेथे एका पत्रिकेची मुद्रिते तपासण्यास गेलो असता, संगणक सुरू करताच नेहमीच्या रंगीत चित्राऐवजी पडद्यावर काळे पान उमटले, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार-पाच ओळी दिसल्या आणि तळाशी दहापासून खाली उतरत जाणारा एक आकडा चालू झाला. तेवढ्या अवकाशात दुकानाच्या मालकांनी खिशातून चष्मा काढला, तो डोळ्यांवर चढविला आणि बाणाची कळ दाबून शेवटची ओळ निवडली. मी पृच्छा केली तेव्हा ते म्हणाले, "माझं अन् पोरीचं एकाच मशिनात आहे जी. रोज सकाळी इचारते, कोणाचं काढू म्हणून." धन्याला विचारल्यावाचून पुढे न जाणारे यंत्र माझ्या पाहण्यात तोवर आले नव्हते. म्हणून, पुढे एके दिवशी ते पानच नाहीसे झाल्याचे आणि यंत्र दुरुस्तीस न्यावयाचे असल्याचे कानी आले, तेव्हा मीही त्यांच्यासमवेत गेलो.

एका यंत्रात दोन कार्यप्रणाली कशासाठी, हा प्रश्न ज्यास पडेल त्याने या दुकानाचे दफ्तर पाहावे. मालकांच्या वर्षानुवर्षांच्या पत्रिका पेजमेकरमध्ये जुळविलेल्या आणि श्रीलिपीच्या अक्षरांत बांधलेल्या आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. परंतु गिऱ्हाईक थोरल्या मुलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची पत्रिका मागत येते, तेव्हा ती जुनी फाइल उघडावीच लागते, आणि ती विंडोजखेरीज सुखाने उघडत नाही. कन्या अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. तिचे सारे अध्ययन उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका अवतारावर, चालते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपुष्टात आली. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी सुस्थितीतील यंत्रे तालुक्याच्या गावीही पुष्कळ आहेत, आणि ती भंगारात न घालता त्यांत दुसरी प्रणाली बसविण्याचा मार्ग काही लोक धरू लागले आहेत. बापलेकींची ही वाटणी त्यामुळे वाटते तितकी विलक्षण नाही.

दुरुस्ती करणारा गृहस्थ तिशीतला, मितभाषी. त्याच्या खोलीत सोल्डरिंगच्या पेस्टचा उग्र वास भरून राहिलेला असे, आणि त्या वासात तासभर बसल्यावर तो अंगावरच्या कपड्यांतूनही घरापर्यंत येई. मालकांनी यंत्र बाकावर ठेवले आणि, यंत्र मंद झाल्यामुळे एका ओळखीच्या मुलाकडून विंडोज पुन्हा नव्याने बसवून घेतल्याचा वृत्तान्त सांगून, कपाळावर हात मारला. "पोरीचं सगळं गेलं. वर्षाचं काम होतं तिचं." त्या गृहस्थाने पडद्याकडे एकवार पाहिले आणि म्हटले, "काही गेलं नाही काका. नोंद गेली फक्त."

या उत्तराचा अर्थ समजण्यासाठी यंत्रातील तबकडीच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या, अगदी पहिल्या तुकड्याची रचना ध्यानी घ्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात वीज आल्याबरोबर बायोस नामक मूळ व्यवस्था जागी होते, जुजबी तपासणी उरकते आणि तबकडीवरील केवळ पहिले ५१२ बाइट वाचून त्यांच्या हाती सारा कारभार सोपविते. या ५१२ पैकी ४४६ बाइट आज्ञांचे. त्यापुढील ६४ बाइट तबकडीच्या वाटण्यांचे. आणि अखेरचे दोन बाइट ही केवळ खूण, जी नसल्यास बायोस तो तुकडा ग्राह्यच धरीत नाही. त्या ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी असतात: कोणता हिस्सा कोठून सुरू होतो, त्याची लांबी किती, तो कोणत्या प्रकारचा. हा तबकडीचा सातबारा होय. आणि अलीकडचे ४४६ बाइट म्हणजे आलेल्या माणसास कोणत्या शेताकडे धाडावयाचे हे ठरविणारा चावडीवरचा कारकून. विंडोज नव्याने बसविले जाते तेव्हा ते सामान्यतः सातबाऱ्यास हात लावीत नाही. ते कारकून बदलते, आणि नव्या कारकुनास शेजारच्या कब्जेदाराचे नावही ठाऊक नसते. कन्येचे शेत जागच्या जागी होते, त्यातले पीकही उभे होते. त्याकडे जाणारी वहिवाट तेवढी बंद झाली होती.

"चारशे सेहेचाळीस," तो गृहस्थ म्हणाला. "याच्या पुढं हात घालायचा नाही. पाचशे बारा लिहिलं का सातबारा उडाला." हा आकडा त्याने त्या दुपारी अनेकदा उच्चारला, कधी आम्हांस उद्देशून, कधी स्वतःशीच. पहिल्या तुकड्याची जुनी नक्कल असल्यास ती परत लिहिण्याची रीत आहे. परंतु मधल्या काळात वाटण्या बदललेल्या असतील आणि नक्कल संपूर्ण ५१२ बाइटांची लिहिली गेली, तर जुनी वाटणी नव्या वाटणीवर लादली जाते आणि हिस्से खरोखरच दिसेनासे होतात. म्हणून लिहावयाचे ते ४४६च.

येथे मात्र अशी नक्कल कोणी घेऊन ठेवलेली नव्हती; सबब काम मुळापासून करावे लागले. पेनड्राइव्हवरून उबुंटू तात्पुरते सुरू झाले. पुढे कोणती तबकडी आपली हे ठरविण्याचा प्रसंग आला, आणि येथे तो गृहस्थ फार सावकाश झाला. कारण पेनड्राइव्ह आणि तबकडी यांची यंत्राने दिलेली नावे एका अक्षराने भिन्न असतात, आणि ती पुढच्या वेळी तशीच राहतील याची हमी नसते. त्याने नावावर विश्वास न ठेवता आकारमान पाहिले. ५०० जीबी म्हणून विकलेली तबकडी यादीत ४६५.८ अशी दिसते, कारण विकणारा हजारांनी मोजतो आणि यंत्र १,०२४ नी. तो आकडा दिसल्यावर त्याने मान हलविली. मग उबुंटूचा हिस्सा जोडून त्याच्या आत प्रवेश केला आणि ग्रब, म्हणजे रोज सकाळी ते काळे पान दाखविणारा आरंभकर्ता, पुन्हा बसविण्याची आज्ञा लिहिली.

ज्यासाठी मी त्या खोलीत पुन्हा पुन्हा गेलो ती गोष्ट येथे घडली. आज्ञा लिहून झाल्यावर त्याने दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले, ओळ प्रथमपासून अखेरपर्यंत ओठांतल्या ओठांत वाचली, आणि मगच उजवा हात वर आणून एंटर दाबले. पुढे अन्य यंत्रांवर काम करतानाही तो असेच करताना आढळला. गिऱ्हाइकांची दाटी असो वा नसो, हात मांडीवर जात आणि ओळ वाचली जाई. अनेक कार्यालयांत दस्तऐवजावर सही ठोकणारे हात मी पाहिले आहेत. सहीपूर्वी असे थांबलेले हात क्वचितच पाहिले.

ग्रबची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९९५ साली एरिक बोलेन याने हर्ड नावाची प्रणाली सुरू करण्यासाठी त्याचा आरंभ केला. प्रत्येक प्रणालीने आपला निराळा आरंभकर्ता आणावा आणि पूर्वीचा पुसावा, यापेक्षा अनेकांस चालवील असा एकच असावा, ही त्यामागील धारणा. पुढे ते काम ग्नू प्रकल्पाने आपल्याकडे घेतले. ४४६ बाइटांत एवढा कारभार अर्थातच मावत नाही. तेथे ग्रबचा केवळ पहिला अंश बसतो, आणि तो पहिल्या हिश्शापूर्वीच्या मोकळ्या पट्टीतून उरलेल्यास हाक मारतो. ग्रब पहिली जागा घेते हे खरेच, आणि त्या अर्थी तेही कब्जाच करते. परंतु कब्जा केल्यावर ते शेजाऱ्याचे नाव यादीत लिहिते. माझे मत या बाबतीत तटस्थ नाही, आणि ते तसे असावे असेही मला वाटत नाही.

तथापि ग्रबही हल्ली शेजाऱ्याचा शोध आपण होऊन घेत नाही. २०२१ मध्ये निघालेल्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली हुडकणारे साधन सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवलेले असते. यादी तयार करण्याची आज्ञा दिल्यावर नेमका हाच इशारा पडद्यावर आला, आणि यादीत विंडोज आले नाही. मालकांचा चेहरा पडला: आता कन्येचे आले आणि आपले गेले. गृहस्थाने मांडणीच्या फायलीत एक ओळ वाढवून तो निर्बंध उठविला, पुन्हा हात मांडीवर, पुन्हा वाचन. आणि या खेपेस विंडोज सापडल्याची ओळ उमटली.

यंत्र दोन्ही प्रणालींत सुरू झाले, पण विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले निघाले. विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे गृहीत धरते. लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि दाखविताना साडेपाच तास मिळविते. एकाने लावलेले घड्याळ दुसऱ्यास चुकीचे वाटते. वाशीममध्ये या तंट्यास विशेष गोडी आहे, कारण हे गाव एके काळी काळमापनाच्याच रेषेवर होते: वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच, आणि सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने आपल्या 'महाभास्करीया'त लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूकडे जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळांत वत्सगुल्माची गणना केली आहे. येथील मध्यमेश्वराचे देवालय त्या रेषेवर आहे अशी स्थानिक श्रद्धा आहे. आजच्या मापाने वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सव्वा अंशाहून थोडे अधिक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने साडेपाच मिनिटांच्या आसपास. प्राचीनांची ती चूक या यंत्रातील साडेपाच तासांपुढे किरकोळच म्हणावी. गृहस्थाने लिनक्सला स्थानिक वेळ मानावयास लावून तंटा मिटविला, आणि बंद केल्यावरही हिश्शावरचा ताबा पुरता न सोडणारी विंडोजची शीघ्र आरंभाची सोयही काढून टाकली.

नव्या यंत्रांत हा प्रकार राहिला नाही, असे मला कोणी म्हणेल. तेथे बायोसच्या जागी यूईएफआय आहे, आरंभासाठी स्वतंत्र हिस्सा आहे, आणि त्यात प्रत्येक प्रणालीचे आपापले दालन असल्याने एकमेकांस पुसण्याचे कारण उरत नाही. ही सुधारणा आहे, यात संशय नाही. परंतु कोणाला आधी उठवावे याचा क्रम तेथेही कोणीतरी बदलतोच. आणि सुरक्षित आरंभाच्या नियमानुसार लिनक्सच्या दारवानालाही बहुधा मायक्रोसॉफ्टच्याच सहीचा परवाना बाळगावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या कंपनीच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर दोन प्रणालींच्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. अशा यंत्रांना ती सुधारणा लागू होऊ नये असा तिचा मूळ संकल्प होता. परवाना शेजाऱ्याच्या हातचा असला म्हणजे त्याच्या सद्हेतूनेही वाट बंद होऊ शकते, एवढे त्यावरून कळले.

शेवटचा वाद आकड्याचा नव्हे, मानाचा होता. यादीत प्रथम कोण? कन्या फोनवरून म्हणाली, "दादा, मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढं राहू द्या ना." तशी सोय ग्रबमध्ये आहे. मला ती न्याय्य वाटली; गृहस्थास वाटली नाही. "वीज जाते, येते. आली का मशिन आपोआप चालू होते, अन् काका गिऱ्हाइकाशी बोलत असतात. तवा दुकानाचंच निघालं पायजे." कोणी काहीच निवडले नाही तर काय व्हावे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो त्याने माझ्याआधी ओळखला होता. विंडोज मूळ ठरले. मालक म्हणाले, मग दहा सेकंद कशाला, तीन पुरेत. कन्येने ते मानले नाही, दहाच राहिले.

मजुरी तीनशे रुपये सांगितली गेली, तेव्हा मालकांनी व्यापाऱ्याच्या स्वभावाने हरकत घेतली: "नवं तर काहीच टाकलं नाही भाऊ तुम्ही." गृहस्थाने एका कागदी पाकिटात पहिल्या तुकड्याची नक्कल असलेला जुना पेनड्राइव्ह घालून त्यावर तारीख लिहिली, तो याच यंत्रापाशी ठेवू नये असे बजाविले, आणि मजुरी कमी केली नाही. मला ती रास्त, किंबहुना अल्पच वाटली. कन्येचे वर्षाचे काम आणि पित्याच्या साऱ्या पत्रिका यांच्या अगदी काठावर बसून त्या गृहस्थाने तास-दीड तास लिहिले, आणि त्यांतील एकाही अक्षरास त्याचा हात लागला नाही. पैसे त्या न लागलेल्या हाताचे होते.